अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

मी ३८व्या वर्षी गिटार हातात घेतली. तेव्हा बँकेची नोकरी रत्नागिरीला होती. संध्याकाळी घरी आलो की तासभर ‘एफ’ कॉर्डशी झटापट चाले. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायच्या, वाजायच्या दोन आणि बाकीच्या ठप्प. सहा महिन्यांनी घरात ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ सुरू झालं. मी ते ऐकून घेतलं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

मग एका कारागिराने गिटारच्या मानेवरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, बोटं ठीक आहेत. नट वर आहे.” पुढच्या १५ वर्षांत जे शिकलो, ते असं:

१. बोटांना शिव्या देण्याआधी नट बघा.
खुंट्यांच्या खाली जी खाचांची पांढरी पट्टी असते, ती नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. जेमतेम कागद सरकेल एवढी हवी. माझ्या गिटारीत पोस्टकार्ड आरामात जात होतं. आणखी एक खूण म्हणजे तोच कॉर्ड पाचव्या फ्रेटवर सहज वाजतो आणि पहिल्यावर जीव जातो. त्या माणसाने बारीक कानशीने सहा खाचा घासल्या. त्याच संध्याकाळी माझ्या ‘एफ’मधल्या चार तारा बोलल्या. हे काम मात्र घरी करू नका. खाच जास्त खोल गेली, तर मोकळी तार खरखरते आणि नवा नट बसवावा लागतो.

२. पट्टी घ्या आणि मोजा.
‘तारा उंच वाटतात’ हे मोजमाप नव्हे. बाराव्या फ्रेटच्या वरच्या कडेपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, म्हणजे ॲक्शन, स्टीलच्या पट्टीने मोजा. अकूस्टिक गिटारला जाड तारेखाली साधारण २.४ मिलीमीटर आणि बारीक तारेखाली १.८च्या आसपास असेल, तर हात सुखात राहतो. ती कमी करायची तर ब्रिजमधली सॅडलची पट्टी बाहेर काढून तळातून घासतात. हिशोब दुपटीचा असतो. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलीमीटर उतरवायचा, तर सॅडल एक मिलीमीटर घासायची.

३. पावसाळ्यात सॅडल घासू नका.
हा धडा मला महागात पडला. रत्नागिरीच्या जुलैत लाकूड ओल पितं, गिटारचं पोट फुगतं, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा चढतात. मी उत्साहाने सॅडल घासली. पुढच्या वर्षी नागपूरला बदली झाली. एप्रिलच्या कोरड्या हवेत तेच पोट बसलं, तारा खाली आल्या आणि प्रत्येक सूर खरखरायला लागला. वर फ्रेटबोर्डचं लाकूड आकसल्याने फ्रेटची टोकं बाहेर आली आणि तळहाताला करवतीसारखी लागू लागली. तेव्हापासून माझ्याकडे दोन सॅडल आहेत, एक पावसाळी आणि एक उन्हाळी. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. नागपूरच्या उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचो. कूलरच्या झोतासमोर गिटार मात्र कधीच ठेवली नाही. उन्हात उभ्या गाडीत तर नाहीच. तिथे सरस मऊ होतो आणि ब्रिज उखडतो.

४. ट्रस रॉड म्हणजे ॲक्शनची किल्ली नव्हे.
अकूस्टिकच्या सहा स्टीलच्या तारा मिळून मानेवर ७० किलोंहून अधिक ताण देतात. तो पेलायला मानेच्या आत लोखंडी सळई असते. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. तिचं काम मानेचा बाक सांभाळणं हे आहे. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्यावर फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट पुरे. फिरवायचीच तर पाव फेरा फिरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. जोर लावावा लागला की थांबा आणि कारागीर गाठा.

५. खरखर कुठे आहे, ते आधी शोधा.
मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडी घासून मुद्दाम जवारी काढतात. तार घोडीला हलकेच घासत राहावी आणि सूर गुंजावा, यासाठी ही सारी खटपट. गिटारमध्ये तसं घासणं हा दोष ठरतो. मोकळी तारच खरखरत असेल, तर नटवर संशय घ्या. पहिल्या चार-पाच फ्रेटवर होत असेल, तर मान गरजेपेक्षा सरळ झालेली असते. एकाच जागी होत असेल, तर पुढचा फ्रेट वर आलेला असतो. आणि कधी कधी गिटारचा संबंधच नसतो. मी दोन आठवडे पाचवी तार वाजली की होणारी खरखर शोधत होतो. शेवटी ती शोकेसमधल्या स्टीलच्या तबकाची निघाली.

६. सूर उतरतो, त्यात खुंटीचा दोष क्वचितच असतो.
नवी तार ताणली जातेच. ती चढवल्यावर हलक्या हाताने ओढून घ्या, पुन्हा लावा, असं तीन-चार वेळा करा. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. पिळताना ‘टिंग’ आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. सूर नेहमी खालून वर चढवत लावा. आणि वाजवण्याआधी हात धुवा. तेलकट चिवडा खाऊन वाजवलेली तार महिन्यात मरते. नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारला स्टीलच्या तारा तर लावूच नका, ब्रिज उपटून येईल.

७. काही बेसूरपणा दुरुस्त होत नाही.
माझी ताई गाते. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार तिच्या कानात मुरलेला आहे. माझा ‘जी’ कॉर्ड ऐकून ती म्हणाली, “अरे, तुझा गंधार चढा आहे.” मी ट्यूनर दाखवला, दिवा हिरवा होता. बरोबर दोघेही होते. गिटारचे फ्रेट सप्तकाचे १२ समान भाग करून बसवतात, त्यामुळे तिचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. ताईच्या समाधानासाठी मी ‘बी’ची तार उतरवली. ‘जी’ गोड झाला आणि ‘ई’ कॉर्डमधला पंचम रुसला, कारण ती तार एकीकडे गंधार असते आणि दुसरीकडे पंचम. या तारेमुळे किती जणांनी गिटार दुकानात परत नेली असेल! ती तडजोड आहे, बिघाड नाही.

८. एवढं सगळं झाल्यावर हाताकडे वळा.
बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवा, दोन फ्रेटच्या मधोमध नको. आवाज स्वच्छ येईल तेवढंच दाबा. जादा जोराने सूर चढतो आणि मनगट दुखतं, पदरात बाकी काही पडत नाही. एकेक तार छेडून कोणती मुकी आहे ते बघा, म्हणजे दोष नेमक्या कोणत्या बोटाचा ते कळतं.

आता नट बरोबर आहे, सॅडल ऋतूप्रमाणे बदलते, मानेचा बाक कार्डाएवढा आहे. तरीही ‘सी’वरून ‘एफ’वर जाताना मी अजून अर्धी मात्रा उशिरा पोहोचतो. पण हल्ली घरातून कुणी काही बोललं, तर मी गिटारकडे बोट दाखवत नाही. अंगण मी स्वतः मोजलेलं आहे.