भोरड्यांच्या स्थलांतराचा मागोवा व रब्बी ज्वारीची राखण

रब्बी ज्वारीचे कणीस बाहेर पडून दाणा चिकात आला, की शिवारावर भोरड्यांचे थवे उतरू लागतात. शेकडो पक्षी एका वेळी कणसांवर बसतात आणि राखण नसल्यास थोड्याच वेळात पाटाच्या पाटा रिकामा करतात. हातची भाकरी अशी जाताना पाहून शेतकऱ्याच्या मनात या पक्ष्याविषयी राग निर्माण होणे स्वाभाविक आहे. परंतु शत्रू म्हणून त्यावर तुटून पडण्यापूर्वी हा पाहुणा कोठून येतो, केव्हा येतो व काय खातो, हे समजून घेणे हिताचे ठरेल.

भोरडीची ओळख

भोरडीचे डोके, मान, पंख व शेपटी काळी असून पाठ व पोट गुलाबी असते. पिलांचा रंग मात्र मळकट तपकिरी असतो. पळस, पांगारा व सावर फुलल्यावर त्यांतील मध पिण्यासाठीही हे पक्षी गर्दी करतात. त्यामुळे त्यांना पळसमैना असेही म्हणतात.

भोरड्या आपल्याकडे घरटी बांधीत नाहीत. त्यांची वीण मध्य आशियातील गवताळ प्रदेशात मे-जूनच्या सुमारास होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून त्या महाराष्ट्रात दिसू लागतात आणि एप्रिलच्या सुमारास परत फिरतात. विणीच्या काळात त्यांचे व पिलांचे मुख्य अन्न टोळ व नाकतोडे हे असते. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून या पक्ष्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय केली जाते. आपल्या शेतातही ज्वारी निसवण्यापूर्वी व कापणीनंतर हे थवे किडे व अळ्या वेचतात. म्हणजेच हा पक्षी काही आठवडे नुकसान करणारा, तर उरलेल्या काळात उपयोगी पडणारा आहे. राखण या काही आठवड्यांपुरती नेमकेपणाने करता आली, तर पीकही वाचेल आणि मित्रही राहील.

नोंदींचे महत्त्व

पूर्वी पक्ष्यांच्या पायात वाळे घालून त्यांचा प्रवास शोधीत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले. आता त्याच्या जोडीला इंटरनेटवरील साधने उपलब्ध झाली आहेत. त्यांपैकी 'ई-बर्ड' हे अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेले साधन विनामूल्य आहे. सर्वसामान्य निरीक्षकांनी पाठविलेल्या याद्या त्यात साठविल्या जातात व वेगळ्या वाटणाऱ्या नोंदी जाणकारांकडून तपासल्या जातात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचा विचार अशाच नोंदींच्या आधारे करण्यात आला.

माहिती कशी पहावी

१. ई-बर्डच्या संकेतस्थळावर जातींच्या नकाशात 'रोझी स्टार्लिंग' हे नाव लिहावे. भोरडीचे हे इंग्रजी नाव आहे.

२. वर्ष व महिने निवडून आपला जिल्हा व शेजारचे जिल्हे पहावेत. अलीकडच्या नोंदी कोठे आहेत, ते ध्यानात येते.

३. स्तंभ-आलेखात जिल्हा निवडावा. त्यात प्रत्येक महिन्याचे चार भाग असतात. पट्टी जितकी जाड, तितक्या अधिक याद्यांत तो पक्षी आढळला, असे समजावे.

येथे एक खबरदारी घेणे अगत्याचे आहे. नकाशावर खूण नाही, म्हणजे तेथे भोरड्या नाहीत, असे मानू नये. तेथे कोणी नोंदच केली नसेल. खेड्यांतून नोंदी कमी येतात, म्हणूनच ग्रामसेवकांचा सहभाग मोलाचा आहे.

नोंद कशी करावी

मोबाईलमध्ये ई-बर्डचे ॲप घ्यावे. सकाळी शिवारात पंधरा मिनिटे उभे राहून किंवा फिरून ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची नावे व अंदाजे संख्या लिहावी. ठिकाण, सुरुवातीची वेळ व लागलेला वेळ यांची नोंद अवश्य असावी. भोरड्या दिसल्या नाहीत तरी यादी पाठवावी. न दिसणे हीही माहितीच होय. शेतात रेंज नसल्यास नोंद मोबाईलमध्ये ठेवून नंतर पाठविता येते. न ओळखलेल्या पक्ष्याचे नाव अंदाजाने लिहू नये.

राखणीची योजना

मागील वर्षांचा आलेख व पिकाची अवस्था एकत्र पाहून राखणीचे दिवस ठरवावेत. दाणा चिकात आल्यापासून टणक होईपर्यंत धोका अधिक असतो. थवे मुख्यतः सकाळी व दुपार कलल्यावर चरतात. त्या वेळी माळ्यावर राखणदार असलाच पाहिजे. गोफण, डबे व चकाकणाऱ्या फिती आलटून पालटून वापराव्यात, कारण एकाच उपायाला पक्षी सरावतात. शिवारातील पेरणी शक्यतो एकाच सुमारास करावी. एकटेच आधी निसवलेले शेत सर्वांत जास्त खाल्ले जाते. शेजाऱ्यांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावल्यास मजुरीची बचत होते. विषारी आमिषाचा वापर मात्र कदापि करू नये. त्याने इतर पक्षी, गुरे व माणसे यांनाही धोका पोचतो.

गावातील चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या हंगामात भोरड्यांचा पहिला थवा कोणत्या आठवड्यात दिसला?

२. त्या वेळी ज्वारी कोणत्या अवस्थेत होती?

३. थवे रात्री कोणत्या झाडांवर किंवा उसात मुक्कामाला होते?

ही उत्तरे दरवर्षी एका वहीत व ई-बर्डवर लिहून ठेवावीत. तीन-चार हंगामांच्या नोंदी साठल्या, की गावाला आपल्या पाहुण्याचे वेळापत्रक हाती येईल आणि राखण अधिक नेमकी व कमी खर्चाची होईल.