घटक ५ : लहान गावाचा विनोद – अमेरिकेच्या दक्षिणेतील लोकप्रिय कथालेखन

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला,
• अमेरिकेच्या दक्षिणेतील लहान गावावरील विनोदी कथेची परंपरा सांगता येईल.
• निवेदकाच्या स्थानामुळे विनोदाचा रोख कसा बदलतो, हे स्पष्ट करता येईल.
• बोली लिहिण्याच्या दोन पद्धतींमधील भेद ओळखता येईल.
• स्वतःच्या परिचयातील गावावर विनोदी मजकूर लिहून पाहता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी ग्रामीण विनोदी कथा आपल्या परिचयाची आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथा आपण वाचल्या असतील. या घटकात आपण अशाच एका परक्या परंपरेकडे वळणार आहोत. आपल्याकडील प्रश्न दुसऱ्या भाषेत कसे सोडवले गेले, हे पाहिले की ते प्रश्न अधिक स्पष्ट दिसू लागतात.

अमेरिकेत 'दक्षिण' हा शब्द केवळ दिशा सांगत नाही. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी यांसारख्या राज्यांना गुलामगिरीचा, १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाचा आणि त्यातील पराभवाचा समान इतिहास आहे. कापसाची शेती, रेल्वेस्थानक, किराणा मालाचे एखादे दुकान, बॅप्टिस्ट व मेथडिस्ट पंथांची चर्चे आणि घरापुढची ओसरी यांतून तेथील लहान गाव उभे राहते. अशा गावात कोणाचेच काही लपून राहत नाही, आणि जे सर्वांना ठाऊक असते ते उघड बोलायचे नसते. या दोहोंमधील ताणातून तेथील विनोद जन्माला येतो. मात्र हसणारा कोण आणि ज्याला हसले जाते तो कोण, हा या लेखनातील कळीचा प्रश्न आहे. या घटकाचे सारे विवेचन त्याभोवती आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ चौकटीतील गावकरी

या परंपरेच्या आरंभी ऑगस्टस लाँगस्ट्रीट यांचे 'जॉर्जिया सीन्स' (१८३५) हे पुस्तक येते. लाँगस्ट्रीट हे वकील व न्यायाधीश होते. त्यांचा निवेदक सुशिक्षित असून प्रमाण इंग्रजीत बोलतो. गावकरी मारामाऱ्या करतात, घोड्यांच्या सौद्यात एकमेकांना फसवतात आणि बोलीत बोलतात. निवेदक कथेच्या चौकटीत उभा राहून वाचकाला हे दृश्य दाखवतो. त्या काळच्या अनेक विनोदी कथांची रचना अशीच होती.

या रचनेचा एक परिणाम लक्षात घ्या. निवेदक आणि वाचक एका बाजूला बसतात, गावकरी दुसऱ्या बाजूला. प्रमाण भाषा येथे कुंपणाचे काम करते. वाचक हसतो तेव्हा 'आपण असे नाही' हे समाधानही त्याला मिळते. निवेदन प्रमाण भाषेत व संवाद बोलीत, ही विभागणी आपल्या ग्रामीण कथेतही आढळते. तिचा परिणाम प्रत्येक वेळी कुंपणाचाच असतो असे नाही. परंतु ती वाचताना हा प्रश्न मनात असावा.

५.२.२ चौकट मोडते

मार्क ट्वेन यांनी हे कुंपण काढून टाकले. गुलामगिरी मान्य असलेल्या मिझुरी राज्यात, हॅनिबल या नदीकाठच्या गावी त्यांचे बालपण गेले. 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन' या कादंबरीत (अमेरिकेतील प्रकाशन १८८५) संपूर्ण कथन हक हा अर्धशिक्षित मुलगा आपल्या बोलीत करतो. त्याच्या बोलण्यावर टिप्पणी करणारा शहाणा निवेदक येथे नाही. परिणामी विनोदाचा रोख उलटतो. हकची भाषा 'अशुद्ध' आणि नजर स्वच्छ, तर गावातील प्रतिष्ठितांची भाषा शुद्ध आणि व्यवहार मात्र क्रूर, असे चित्र उभे राहते.

विनोदी गोष्ट सांगणाऱ्याने गंभीर राहावे, आपल्या बोलण्यात हसण्यासारखे काही आहे याची त्याला शंकाही नसावी, असे ट्वेन यांचे मत होते. या तत्त्वाचा उत्कृष्ट वापर युडोरा वेल्टी यांच्या 'व्हाय आय लिव्ह अ‍ॅट द पी. ओ.' (१९४१) या कथेत दिसतो. मिसिसिपीतील एका खेड्याची पोस्टमास्तरीण ही कथा सांगते. नवऱ्यापासून वेगळी झालेली धाकटी बहीण दोन वर्षांच्या मुलीसह घरी परतते आणि मूल दत्तक घेतले आहे असे सांगते. निवेदिकेला ते पटत नाही. भांडण वाढत जाते आणि शेवटी ती आपला विजेचा पंखा, रेडिओ, मुरंब्याच्या बरण्या असे सामान उचलून टपाल कार्यालयातच राहायला जाते. घरच्यांनी तिच्यापाशी न येण्याचे ठरवल्याने त्यांचा टपालाशी संबंध तुटतो, आणि गावालाही बाजू घ्यावी लागते.

निवेदिका आपण किती शांत व निर्दोष आहोत हे परोपरीने सांगते आणि प्रत्येक वाक्यातून तिचा मत्सर, हट्ट व एकटेपण उघड होत जाते. लेखिका कोठेही मध्ये पडत नाही. आपण हसतो; पण अखेरीस आपण सुखी असल्याचे ती बजावते, तेव्हा हसू थोडे अडखळते. ती दूरची कोणी न वाटता आपल्याच कुटुंबातील वाटू लागते.

पुढील लोकप्रिय कादंबऱ्यांनी हे तंत्र उचलले. ऑलिव्ह अ‍ॅन बर्न्स यांच्या 'कोल्ड सॅसी ट्री' (१९८४) मध्ये पत्नीच्या मृत्यूनंतर तीनच आठवड्यांत आजोबा पुन्हा लग्न करतात. गावाची खळबळ आपल्याला चौदा वर्षांच्या नातवाच्या तोंडून कळते. फॅनी फ्लॅग यांच्या 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज अ‍ॅट द व्हिसल स्टॉप कॅफे' (१९८७) मध्ये गावातील एक बाई चालवत असलेले छोटेखानी वार्तापत्र मधूनमधून येते. त्यात गावच्या क्षुल्लक बातम्या आणि नवऱ्याच्या तक्रारी शेजारी शेजारी असतात. दोन्ही ठिकाणी गाव स्वतःविषयी स्वतःच बोलते.

५.२.३ बोली लिहावी कशी?

बोली लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत शब्दांचे लेखन मोडले जाते. इंग्रजीतील 'सेज' (म्हणतो) या क्रियापदाचा उच्चार सुशिक्षितही तसाच करतात. तरीही केवळ खेडुताच्या तोंडी त्याचे स्पेलिंग बदलून लिहिण्याची प्रथा होती. उच्चाराविषयी त्यातून नवे काहीच कळत नाही. बोलणारा अडाणी आहे एवढेच सुचवले जाते. दुसऱ्या पद्धतीत लेखन फारसे मोडले जात नाही. वाक्यरचना, लय, शपथा, उपमा आणि विषयांतरे यांतून बोली ऐकू येते. वेल्टी मुख्यतः ही दुसरी पद्धत वापरतात.

हा भेद मला पुस्तकातून कळण्याआधी घरात कळला. तरुणपणी मी गावाकडच्या माणसांवर एक विनोदी कथा लिहिली व आत्याला वाचून दाखवली. ती मनापासून हसली आणि मग म्हणाली, "अरे, माझं 'पायजे' तू जसंच्या तसं लिहिलंस. मग तुझं का नाही लिहिलंस? तूसुद्धा 'पायजे'च म्हणतोस की." तिचे निरीक्षण अचूक होते. 'पाहिजे' मी लिहीत होतो, बोलत नव्हतो. पुढे भाषाविज्ञानाचा अभ्यास करताना या वाक्याचे मोल समजले.

आता दुसऱ्या पद्धतीचा, येथे रचलेला एक नमुना पाहा. दक्षिणेतील एखादी चर्चला जाणारी बाई बोलत आहे : "मी कोणाविषयी वाईट बोलत नाही. पण लग्नात तिने घातलेली टोपी तिच्या बहिणीची होती, आणि हे त्या बहिणीला अजून माहीत नाही. मीही सांगणार नाही. रविवारी भेटली तर गोष्ट वेगळी." येथे एकही शब्द मोडलेला नाही. तरी बाईचा स्वभाव, चर्च आणि बातमी पसरण्याचा मार्ग आपल्याला दिसतो.

५.२.४ हसणारा कोण?

निवेदक आतला असला की प्रश्न सुटला, असे मात्र नाही. झोरा नील हर्स्टन या फ्लॉरिडातील ईटनव्हिल येथे वाढल्या. १८८७ मध्ये स्थापन झालेले हे गाव कृष्णवर्णीयांनी स्वतः चालवलेले होते. तेथील दुकानाच्या ओसरीवर रंगणाऱ्या गप्पा व थापा त्यांनी मानववंशशास्त्राच्या अभ्यासक म्हणून गोळा केल्या. 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) या त्यांच्या कादंबरीत ओसरीवरचे लोक एका हडकुळ्या खेचरावरून त्याच्या मालकाची यथेच्छ टर उडवतात; पुढे त्या खेचराची थाटात अंत्ययात्राही निघते.

त्याच वर्षी कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी या लेखनावर कठोर टीका केली. गोऱ्या प्रेक्षकांना हसवणाऱ्या जुन्या तमाशेवजा खेळांचीच परंपरा हे लेखन चालवते, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले; १९७० च्या दशकात अ‍ॅलिस वॉकर यांच्यासारख्या लेखिकांमुळे ते पुन्हा वाचले जाऊ लागले. ओसरीवरची माणसे एकमेकांना हसतात तेव्हा तो त्यांचा खेळ असतो. तेच हसू सत्ता असलेल्या समूहापुढे गेले की त्याचा अर्थ बदलू शकतो. राइट यांची भीती निराधार नव्हती. हर्स्टन यांचा आग्रहही तितकाच रास्त होता : आपल्या माणसांचे हसणे केवळ परक्यांच्या भीतीने का दडवावे? या वादात आपण आपले मत स्वतः बनवावे.

दक्षिणेवरील गोऱ्या लेखकांच्या अनेक विनोदी कथांत कृष्णवर्णीय माणसे केवळ स्वयंपाकघरापुरती दिसतात. म्हणून कथेत कोण हसवतो यासोबत कोणाला बोलूच दिलेले नाही, हेही पाहावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. चौकटीच्या रचनेत प्रमाण भाषा कोणते कार्य करते?
२. वेल्टी यांच्या निवेदिकेचे गांभीर्य विनोदाला कसे पोषक ठरते?
३. हर्स्टन व राइट यांच्या भूमिकांतील भेद आपल्या शब्दांत मांडा.

५.३ सारांश

दक्षिणेतील लहान गावाच्या विनोदी कथेचा प्रवास चौकटीबाहेरच्या सुशिक्षित निवेदकाकडून गावातल्याच बोलणाऱ्याकडे झाला. या बदलाने विनोद हास्यास्पद माणसापासून माणसाच्या हास्यास्पद धडपडीकडे वळला. बोली मोडक्या लेखनापेक्षा वाक्याच्या लयीतून अधिक खरी उतरते. आणि विनोदाचा अर्थ लेखकासोबतच वाचक कोण आहे यावरही अवलंबून असतो.

५.४ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा वस्तीतील एखादी गमतीदार घटना प्रथम बाहेरच्या सुशिक्षित निवेदकाच्या, नंतर त्या घटनेतील व्यक्तीच्या तोंडून, प्रत्येकी दीडशे शब्दांत लिहा. शब्दांचे लेखन मोडू नका. दोन्ही मजकूर त्या व्यक्तीला अथवा तिच्या घरच्यांना वाचून दाखवा. ते कोठे हसले आणि कोठे गप्प झाले याची नोंद करून ती संपर्कसत्रात सोबत आणा.