परसातील उंदीर व साप : परिसर अभ्यासाचा एक पाठ

श्रावण-भाद्रपदात घरामागचे परस पाहता पाहता रान होते. तरोटा व गाजरगवत कमरेइतके वाढते, भोपळ्याचा वेल मांडव सोडून सरपणावर पसरतो, विटांचा जुना ढीग दिसेनासा होतो. अशा परसात साप निघाला की माणसे काठ्या घेऊन धावतात. साप मारला जातो. थोड्याच दिवसांत दुसरा दिसतो. असे का होते, एवढाच प्रश्न या पाठात मुलांपुढे ठेवावा.

उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये. वर्गास एखाद्या परसाच्या कडेला, मोकळ्या वाटेवर उभे करावे; गवतात पाय किंवा बिळात हात कोणीही घालू नये. कोंबड्यांचा दाणा, सांडलेले धान्य, खरकटे कोठे पडते ते मुलांनी तेथूनच शोधावे. सायंकाळी मोठ्या माणसाने बिळे ओल्या मातीने बुजवावीत. सकाळी जी पुन्हा उकरलेली आढळतील, ती वापरातील होत. हा आकडा दर आठवड्यास वहीत टिपावा. घरातील लहान उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, व एका वेताला पाच-सहा पिले सहज होतात. यावर गणिताचे उदाहरणही घालता येईल. नाग व धामण याच उंदरांच्या मागे येतात आणि त्यांच्याच बिळांत राहतात. म्हणजे सापाला आमंत्रण दाण्याचे व अडगळीचे असते.

धामण बिनविषारी असून उंदरांची मोठी शत्रू आहे. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूत निराधार आहे. तरीही तीच अधिक मारली जाते.

उपाय साधे आहेत. गवत कापावे, सरपण जमिनीपासून हातभर उंच फळीवर रचावे, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. उंदरांसाठी पिंजरा बरा. मुले व कोंबड्या वावरतात तेथे विषारी आमिष नको.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी पक्की ध्यानात ठेवावी. मण्यार रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. वेदना फारशी होत नाही, व्रणही पुष्कळदा दिसत नाही. सकाळी मूल पोट दुखते म्हणते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा मुलास आळशी समजून बाकावर बसवून ठेवणे प्राणावर बेतू शकते. त्यास चालू देऊ नये. १०८ क्रमांकावर कळवून किंवा मिळेल त्या वाहनाने तत्काळ रुग्णालयात न्यावे. दंश कोठेही झालेला असो, दोरी आवळणे, जखम कापणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ जातो व अपायही होतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, व ते रुग्णालयातच देता येते. जमिनीवर निजणे टळत नसेल, तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून निजावे, हे मुलांकरवी घरोघर पोहोचवावे.

शाळेच्या आवारात साप दिसल्यास मुलांना दूर न्यावे, एकाने लांबून त्यावर नजर ठेवावी व वनखात्यास किंवा गावच्या सर्पमित्रास बोलवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. दिवाळीच्या सुटीनंतर बिळांची मोजणी पुन्हा करून आधीच्या आकड्यांशेजारी मांडावी.