आधी उजेड, मग टेलिकन्व्हर्टर

जंगलात फोटो काढू लागलेली तरुण मंडळी मला हमखास विचारतात, ‘५०० एमएमची लेन्स आहे, पण कमी पडते. आता बॉडी बदलू की टेलिकन्व्हर्टर घेऊ?’ मी उलट विचारतो, तुम्ही फोटो काढता कुठे, आणि किती वाजता? कारण टेलिकन्व्हर्टर, म्हणजे टीसी, फुकटात काही देत नाही. तो लांबी देतो आणि उजेड घेतो.

हिशेब सरळ आहे. १.४ पटीचा टीसी एक स्टॉप खातो, दुप्पट टीसी दोन. ५०० एमएम एफ/५.६ लेन्सला दुप्पट टीसी लावला की ती १००० एमएम एफ/११ होते. नुसत्या लेन्सवर १/५०० शटर स्पीडला आयएसओ १६०० पुरत असेल, तर आता त्याच शटरला ६४०० लागतो. लांबी वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढून दिसते. म्हणून शटर १/१००० वर नेलात, तर आयएसओ १२८००.

ताडोबाच्या बफरमध्ये हे मी अनुभवलं आहे. उजाडता उजाडता बांबूच्या बेटात वाघीण बसलेली, डीएसएलआरवर दुप्पट टीसी. फोकस मागेपुढे धावत राहिला आणि अखेर ठरला तो वाघिणीच्या पुढच्या बांबूवर. मग मॅन्युअल फोकसने काही फ्रेम घेतल्या, आणि टीसी काढून नुसत्या लेन्सनेही. घरी दोन्ही शेजारी ठेवून मोठ्या केल्या. टीसीच्या फ्रेममध्ये वाघीण मोठी, पण मिशा पिठात कालवल्यासारख्या. नुसत्या लेन्सच्या फ्रेममध्ये ती लहान, पण मिशांच्या मुळाशी असलेले काळे ठिपके ओळीने मोजता येत होते. क्रॉप करून तोच फोटो कामी आला.

यात कुठल्या वस्तूचा दोष नव्हता. बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच खात्रीने चालतो. वरच्या दर्जाच्या बॉडींमध्ये मोजके बिंदू एफ/८ ला चालतात. २०१६ साली आलेल्या निकॉन डी५०० मध्ये १५३ पैकी १५. म्हणून सेकंडहँड डीएसएलआर घेत असाल, तर एफ/८ ला किती बिंदू चालतात हे आधी पाहा, आणि दुप्पट टीसीचा विचार सोडून द्या. मिररलेसमध्ये फोकसचं काम सेन्सरवरच होत असल्याने आजच्या बऱ्याच बॉडी एफ/११ लाही फोकस करतात. पण पहाटेच्या अंधुक उजेडात त्यांचाही वेग पडतो.

लांबी बॉडीतूनही मिळते. डी५०० चा क्रॉप सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा. फुल फ्रेम डी८५० चे ४५.७ मेगापिक्सेल तेवढ्याच भागापुरते क्रॉप केले, तर १९.४ उरतात. म्हणजे वाघावर पडणारे पिक्सेल जवळपास सारखेच, आणि ॲपर्चर तसंच एफ/५.६. शिवाय डी८५० वर प्राणी जवळ आला तर अख्खी फ्रेम हाताशी असते.

मग टीसी घ्यायचाच नाही का? जरूर घ्या, पण १.४ चा, आणि भरपूर उजेडासाठी. हिवाळ्यात भिगवणला सूर्य वर आल्यावर रोहित पक्षी टिपायला तो उत्तम. मात्र ऊन तापून पाण्यावरची हवा थरथरू लागली की टीसी ती थरथरच मोठी करतो. तेव्हा जवळ येणाऱ्या पक्ष्याची वाट पाहावी.

विकत घेण्याआधी तो आपल्या लेन्सला बसतो का ते तपासा. कॅननच्या आरएफ १००-५०० वर टीसी लावला की ३०० एमएमच्या आत झूम येतच नाही. जमलं तर आधी एक-दोन दिवस भाड्याने आणा आणि घराजवळच्या बगळ्यावर, पहाटे आणि दुपारी, टीसी लावून व काढून फोटो घ्या. तुमच्या बॉडी-लेन्सच्या जोडीचं खरं उत्तर तिथेच मिळेल. उन्हाळ्यात उघड्या जिप्सीत टीसी बदलू नका. लाल धूळ थेट सेन्सरवर बसते. लावायचा की नाही, ते गेटवर जाण्याआधी खोलीतच ठरवा.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर चढ्या आयएसओला टिकणारी आणि फोकस न सोडणारी बॉडी घ्या. टीसी काही तास कामाला येतो. बॉडी पहिल्या उजेडापासून शेवटच्या उजेडापर्यंत.