चावी फिरवली की बरी होणारी गाडी

तिसऱ्या वर्षाच्या ओरलमध्ये मला प्रश्न आला होता, "लिंप मोड म्हणजे काय?" मी ठोकून दिलं, "सर, इंजिनातला बिघाड." सरांनी काही न बोलता पुढचा रोल नंबर पुकारला. ते उत्तर का चुकलं हे मला दिवाळीच्या सुट्टीत समजलं, न्हावऱ्याला मामांच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून.

गाडी २०११ ची. डिझेल हॅचबॅक, कॉमन रेल, टर्बो, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. सुट्टीच्या आधी मामा-मामी तिच्यातून चौफुल्याकडे निघाले होते. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे होता. मामांनी ओव्हरटेक घेतला आणि अर्ध्यावर गाडीने दम सोडला. पाय तळापर्यंत दाबलेला, काटा अडीच हजारावर अडकलेला आणि समोरून एसटी. मामांनी ब्रेक मारून गाडी पुन्हा ट्रॉलीमागे घातली म्हणून निभावलं. बाजूला घेऊन चावी बंद केली, परत चालू केली, तर गाडी सुसाट! "भूत शिरलंय तिच्यात, दुसरं काय," असं मामांचं निदान.

मी गेलो तोवर ओळखीच्या गॅरेजात तीन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या वेळी स्कॅनरवर पी२१३८ आला, म्हणून अॅक्सिलरेटर पेडल बदललं. दुसऱ्या वेळी पी०४०५, म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह. तिसऱ्या वेळी पी०२३७, म्हणून टर्बोच्या दाबाचा सेन्सर. आता ईसीयू बदलायचं बोलणं चाललं होतं. मामा म्हणाले, "विकूनच टाकतो. पण गिऱ्हाइकाला सांगू काय? न सांगता द्यावी तर त्याचीही बायकापोरं आत बसणार." हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता.

आता थोडी थिअरी. अशा गाडीत पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि दोघेही पायाची तीच जागा वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये सांगतात. आमच्या गाडीत एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट येतो : पाय उचललेला असताना साधारण ०.७५ आणि ०.३७. हे प्रमाण बिघडलं की ईसीयूला कळतं, दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतोय. कोण, ते कळत नाही. मग तो डिझेल आणि बूस्ट कमी करून इंजिन जपून चालवतो. यालाच लिंप मोड म्हणायचं. म्हणजे लिंप मोड हा बिघाड नव्हे. माहितीवरचा विश्वास उडाल्यावर ईसीयूने घेतलेला तो सावध निर्णय आहे. (सर, हे वाचत असाल तर दोन मार्क द्या.)

चावीचं भूतही यातच आहे. सिग्नल क्षणभरच तुटतो, लगेच जुळतोही. पण एकदा खोटं बोललेल्या सेन्सरवर ईसीयू त्या फेरीत पुन्हा भरवसा ठेवत नाही. चावी बंद-चालू केली की नव्याने तपासणी होते, तेव्हा सगळं ठीक दिसतं आणि पूर्ण ताकद परत मिळते. म्हणून गॅरेजात उभी असताना अशी गाडी कायम शहाण्यासारखी वागते.

आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ ज्या तेरा शहरांत आधी लागू झालं त्यांत पुणे होतं, सोलापूरही. मामांची गाडी त्याच पिढीतली. त्यामुळे ब्लूटूथचा एक स्वस्त अॅडॅप्टर आणि मोबाईल एवढ्यावर कोड वाचता आले. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही राहते, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात : आरपीएम, वेग, लोड, पाण्याचं तापमान. स्कॅनर लावला की आधी "इरेज" दाबायची सवय गॅरेजात सर्रास दिसते. ते म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं झालं. मामांना सांगितलं, "पुसू कुणालाही देऊ नका," आणि एक दोनशे पानी वही गाडीत ठेवली. गाडीने दम सोडला की बाजूला थांबायचं आणि चावी फिरवण्याआधी लिहायचं : गिअर कोणता, पाय किती दाबलेला, रस्ता कसा, गाडी गरम की थंड.

नऊ दिवसांत चौदा नोंदी झाल्या. मामांना वाटायचं गाडी तापली की होतं, पण दोन नोंदी पहाटे गार इंजिनावरच्या होत्या. तो तर्क बाद. बारा नोंदी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरच्या, पाय जोरात दाबल्यावरच्या : स्पीडब्रेकरनंतर, पारगावच्या भीमेच्या पुलाअलीकडे गाडी उचलताना, ट्रॉलीला ओव्हरटेक करताना. उरलेल्या दोन खड्ड्यांच्या. पाचव्या गिअरमध्ये हायवेला एकदाही नाही.

ही वही मी रात्री ओट्यावर बसून वाचली आणि दोन गोष्टी जुळल्या. पहिली इलेक्ट्रिकलची. पेडल, ईजीआर आणि बूस्ट सेन्सर हे तीन भाग एकमेकांपासून लांब, कामं वेगळी. तिघे एकदम कसे बिघडतील? वायरिंग डायग्राम पाहिला. बहुतेक ईसीयू सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा दोन-तीन वेगळ्या लाइनींवरून करतात. आमच्या गाडीत बूस्ट सेन्सर, ईजीआरचा पोझिशन सेन्सर आणि पेडलचा दुसरा सेन्सर हे एकाच लाइनीवर होते. रेल प्रेशर सेन्सर दुसऱ्या लाइनीवर होता, आणि त्याचा कोड एकदाही आला नव्हता. न आलेला कोडही पुरावा असतो! मेसचे तीन पंखे एकदम बंद पडले तर आपण तीन पंखे बदलत नाही, फ्यूज बघतो. काही गाड्यांत या लाइनीसाठीच वेगळा कोड असतो, पी०६५२. तो आला असता तर काम पाच मिनिटांचं होतं. आमच्या बाईसाहेबांनी तो दिला नाही.

दुसरी गोष्ट मेकॅनिकलची. खालच्या गिअरचाच नाद का? आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या गाडीत चाकांकडे जेवढा टॉर्क जातो तेवढीच उलटी प्रतिक्रिया इंजिन माउंटना झेलावी लागते. इंजिनाचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर धरा. दुसऱ्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर आठच्या आसपास, म्हणजे प्रतिक्रिया सुमारे दीड हजार. पाचव्यात गुणोत्तर तीनच्या आसपास, म्हणजे सहाशेच्याही आत. म्हणजे इंजिन खालच्या गिअरमध्ये जास्त झुकतं, आणि माउंटचं रबर बसलेलं असेल तर फारच. झुकताना ते कशाला तरी ओढत किंवा घासत असणार, असा अंदाज बांधला.

सकाळी बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरमागून मीटरच्या पिना घातल्या. आयडलला ४.९८ व्होल्ट. हाताने हार्नेस हलवत गेलो, काही नाही. मग मामा गाडीत बसले. चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, पुढे-मागे कुणी नाही. पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडला की इंजिन एका बाजूला झुकायचं, रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूला. (एकट्याने करू नका, आणि दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, क्लच जळतो.) चौथ्या वेळी पहिल्या गिअरमध्ये मीटर ४.९८ वरून ०.०८ वर पडला आणि परत वर आला. डॅशबोर्डवर दिवा. मामा आतून ओरडले, "आलं बघ भूत!"

बॅटरीच्या ट्रेमागे हार्नेस एका लोखंडी ब्रॅकेटवरून जातो. त्याची क्लिप तुटलेली होती. वायरचं आवरण घासून अर्धा सेंटिमीटर तांबं उघडं पडलं होतं आणि ब्रॅकेटवर त्याच जागी चकचकीत रेघ. इंजिन झुकलं की वायर ब्रॅकेटला टेकायची, ५ व्होल्ट थेट बॉडीत जायचे आणि तिन्ही सेन्सर एकदम मुके. ज्याचं मुकेपण ईसीयूने आधी नोंदलं त्याचा कोड. गॅरेजवाल्याने वेगळा कोड म्हणून वेगळा भाग बदलला, यात त्याची अक्कल कमी होती असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे गाडी अर्धा तास असते. माझ्याकडे नऊ दिवस आणि वही होती.

वायर जोडताना मी सोल्डर करायला निघालो होतो. शिरूरच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननी हात धरला. सोल्डरने वायर ताठ होते आणि थरथरीने सोल्डर जिथे संपतं तिथेच तुटते. त्यांनी क्रिंप करून वर हीटश्रिंक नळी चढवली, कापडी हार्नेस टेप गुंडाळली, नवी क्लिप लावली. माउंटही बदललं. फक्त वायर झाकून भागलं नसतं, इंजिन पुन्हा घासत राहिलं असतं.

पुन्हा पहिला गिअर, रिव्हर्स, पहिला गिअर, वीस वेळा. मीटर ४.९८ वर ठाम. गेल्या महिन्यात मामांना फोन केला तेव्हा वहीत पंधरावी नोंद झालेली नव्हती. मामी म्हणाल्या, ओव्हरटेक करताना यांचा पाय अजून अर्ध्यावरच थांबतो.

बदललेलं जुनं पेडल डिकीत पडलं होतं. मोजून पाहिलं, दोन्ही सेन्सर एकदम चोख. ते मी हॉस्टेलला आणलंय. ज्यांना दोन्ही सेन्सरचं प्रमाण स्वतः मोजून बघायचं असेल त्यांनी रात्री मेसनंतर माझ्या खोलीवर यावं. मीटर माझ्याकडे आहे, ५ व्होल्टसाठी मोबाईलचा एखादा जुना चार्जर मात्र घेऊन या.