ट्रायलोबाइट घेण्याआधी

चि. मृणाल,


मोरोक्कोच्या त्या काळ्या, काटेरी ट्रायलोबाइटचा फोटो पाहिला. तुझं मन त्यावर जडलंय, पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचार: हा कुठल्या गावाजवळच्या, कुठल्या थरातला? नुसतं ‘मोरोक्को’ म्हणाला तर घेऊ नकोस. ट्रायलोबाइट हे कवचवाले प्राणी सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीपासून २५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत समुद्रात नांदले. त्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. जागा आणि थर कळला नाही, तर त्या दगडाकडून शिकायचं काय? हिमाचलातल्या स्पितीच्या पाराहिओ खोऱ्यात भूवैज्ञानिक हेडन यांनी जमवलेल्या ट्रायलोबाइटांचं वर्णन काउपर रीड यांनी १९१० साली छापलं. कुठल्या थरात काय सापडलं हे हेडननी टिपून ठेवलं होतं, म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना त्याच खोऱ्यात जाऊन ते काम पुढे नेता आलं.

आता खऱ्या-खोट्याचं. मोरोक्कोतल्या अल्निफ, एर्फूद भागातले कामगार चुनखडक फोडतात, तेव्हा भेगेत ट्रायलोबाइटची नुसती कड दिसते. मग दोन्ही तुकडे चिकटवून वरचा दगड सुईसारख्या हत्याराने कित्येक तास कोरून काढतात. म्हणून दगडातून निघून थेट प्राण्याच्या अंगावरून गेलेली चिकटवल्याची रेघ दिसली तर बिचकू नकोस, ती चांगली खूण आहे. रेघ प्राण्याच्या कडेशीच अडली तर मात्र संशय घे. फॅकॉप्सच्या जातकुळीतला असेल तर भिंगातून डोळे बघ. त्यांच्या डोळ्यांतली भिंगं कॅल्साइटची असतात, ओळीने मांडलेली आणि प्रत्येक वेगळी. साच्यातून काढलेल्या नकलेत ती बुजलेली असतात आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे राहतात. अतिनील प्रकाशात गोंद आणि भराव बऱ्याचदा वेगळे चमकतात. तुटलेला काटा जोडणं गैर नाही. ते लपवून पूर्ण किंमत घेणं ही फसवणूक. तुझ्या फोटोतले लांब, मोकळे काटे तर आधी तपास, कारण नवे घडवून बसवतात ते बहुधा तेच.

माझं ऐकशील तर पहिला नग अमेरिकेतल्या युटाचा घे, व्हीलर शेलमधला एल्राथिया किंगी. भरपूर सापडतो आणि स्वस्त असतो, त्यामुळे त्याची नक्कल करण्यात कुणाला फारसा फायदा नाही. गालाचे भाग नसले तर बहुधा ती टाकलेली कात असते. त्याला खोट समजू नकोस, वाढताना प्राण्याने कवच कसं उतरवलं ते त्यातूनच कळतं.

आणि कुणी सह्याद्रीतला ट्रायलोबाइट दाखवला तर सरळ नमस्कार करून निघ. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, तोही ट्रायलोबाइट संपल्यावर १८ कोटींहून जास्त वर्षांनी ओतलेला.

घरी आणल्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही लावू नकोस. आम्लाने कॅल्साइट विरघळतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाड. मागच्या बाजूला लहानसा क्रमांक शाईने घाल आणि तोच वहीत लिही: जागा, थर, कुणाकडून घेतला, कुठे जोडलेला आहे. चिठ्ठी फक्त डब्यात ठेवलीस तर एक दिवस डबा बदलेल आणि ती हरवेल.

तुझा,
मामा