जुन्या पिकअपच्या पाट्याचे जाम बोल्ट

पावसाळ्यानंतर पिकअपच्या पाट्याचे यू-बोल्ट गंजून धरतात. पाना लावून एकदम झटका दिला की नटाचे कोपरे झिजतात, नाहीतर बोल्टच तुटतो.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा. रात्रभर मुरू द्या, सकाळी परत मारा. नट थोडा सैल, परत थोडा घट्ट असं करत काढा. तरीही हलेना तर ग्राइंडरने कापा; यू-बोल्ट तसेही नवीनच घालायचे असतात.

गॅसने तापवू नका. पाटा पाणी दिलेल्या पोलादाचा असतो. लाल झाला की त्याचं पाणी उतरतं आणि भरल्या गाडीत तो मोडतो. शिवाय ब्रेकचा पाइप तिथेच असतो.

शॅकलचा बोल्ट बुशात धरला असेल तर नट निघतो, बोल्ट निघत नाही. दोन्ही बाजूंनी कापून बुशासकट बदला. (बुश स्वस्त आहे, दिवस महाग.)

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. चासीखाली घोडी, एक्सलला वेगळा आधार, पुढच्या चाकांना दगड.

पहिली भरलेली खेप झाली की नवीन नट पुन्हा आवळा.